पावणेसहाची गाडी

६ फेब्रुवारी, सोमवार

आजच्या नोंदीचा आरंभ एका घोर अन्यायाच्या निवेदनाने करणे भाग आहे. माझी हातांची खुर्ची गेली. चोरीला गेली असती तर निदान एका ओळीची बातमी तरी झाली असती. पण ती भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत, ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणून नेण्यात आली. सव्वीस वर्षं वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून काढल्यावर मला एवढं नक्की कळलं आहे, की पाच मिनिटांसाठी नेलेली वस्तू आणि तात्पुरता नेमलेला अधिकारी जागेवरून हलत नाहीत. खुर्चीचा डावा हात ढिला आहे. त्यावर कोपर कोणत्या कोनात ठेवायचं, हे गूढ ज्ञान या भूतलावर एकट्या मला आहे.

अपहरणकर्ते म्हणजे आमच्या गल्लीच्या रहिवासी समितीचे चिटणीस. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना ड्रिलमास्तर म्हणतात. बैठक त्यांच्या अंगणात होती आणि खुर्च्या कमी पडल्या. मी माझ्याच खुर्चीच्या शेजारी, पायरीवर बसलो.

बैठकीचं कारण मात्र खुर्चीइतकंच गंभीर आहे, हे मान्य करतो. गल्लीच्या टोकाला काडेपेट्यांचा बंद कारखाना आहे. ती जागा विकली गेली. तिथे चार इमारती, तीनशे चौऱ्याऐंशी घरं, असा फलक लागला आहे. फलकावरच्या चित्रात रस्ता इतका ऐसपैस, की तो आमचाच हे ओळखायला मला वेळ लागला. प्रत्यक्षात गल्ली बावीस फूट, त्यातले सहा फूट उभ्या केलेल्या स्कूटरांचे, आणि बाहेर पडायला तोंड एकच. त्या सगळ्या घरांच्या गाड्या ह्याच तोंडातून ये-जा करणार.

“भावना नकोत, आकडे हवेत!” ड्रिलमास्तर मैदानावरच्या आवाजात म्हणाले. “नियम साफ आहे. एवढ्याशा रस्त्यावर कामाच्या दिवशी आत्ताच हजारावर गाड्या जात असतील, तर दुसरा रस्ता काढल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही. सुनावणी वीस मार्चला आहे. मोजायला लागा!”

मोजणार कोण, म्हटल्यावर सगळे आपापल्या चपलांचं निरीक्षण करू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, “मी मोजते. मी नाहीतरी बसूनच असते.”

ती ताई होती. माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. भाऊजी बेकरीची गाडी चालवत. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. लहानपणी मी शब्दरूपं मोठ्यांदा घोकायचो म्हणून ती मला अजून ‘पंडित’ म्हणते.

टाळ्या झाल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, काल त्यांनी दूध दोनदा आणलं. परवा तीनदा. आणि तुम्ही त्यांना मोजायला बसवताय?”

मी म्हटलं, “दूध जास्त झालं तर दही लावावं.”

तिला हसू आलं नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

मोजणीचा शुभारंभ. ठिकाण ड्रिलमास्तरांच्या फाटकाशी, गल्लीच्या तोंडावर. आसन म्हणजे माझी खुर्ची. ती सार्वजनिक कार्याला अर्पण झाली, असं मी जाहीर केलं. जी वस्तू परत मिळण्याची आशा नाही ती अर्पण करून टाकावी, म्हणजे पुण्यही पदरात पडतं.

ताईला कागदावर रेघोट्या मारणं पसंत नाही. “वर बघू की खाली बघू?” असं म्हणून तिनं क्लासातला बटणांचा डबा काढला. मांडीवर भरलेला डबा, पायाशी रिकामा. गाडी गेली की एक बटण खालच्या डब्यात. मोठं काळं म्हणजे ट्रक. तपकिरी कोटाचं म्हणजे मोटार. शर्टाचं बारीक म्हणजे दुचाकी. लाल म्हणजे शाळेची बस. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. संध्याकाळी मी बटणं मोजायची, तक्ता भरायचा आणि बटणं परत डब्यात. इतकी सुरेख पद्धत मी सरकारी खात्यात सव्वीस वर्षांत पाहिली नाही.

मी जरा थांबून बोलायला गेलो तर म्हणाली, “पंडित, मध्ये बडबडू नकोस. मोजणी चुकते.”

संध्याकाळी डब्याच्या तळाशी एक वेगळंच बटण निघालं, दांडीचं, मोत्यासारखं.

“हे कोण?”

“ती रोजची. पांढरी. पावणेसहाला वळते.”

डिलिव्हरीची गाडी असणार. तक्त्यात रकाना नव्हता, तो आखला. ‘हलके मालवाहू वाहन: १.’

१५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांचे आकडे: २,६१०. २,७४४. २,८०२. ड्रिलमास्तरांनी तक्ता हातात घेऊन जागच्या जागी दोन पावलं कवायत केली. “हजार मागितले होते, ताईंनी पावणेतीन हजार दिले!”

एक विशेष दिसलं. बायको सकाळी वाचनालयात असते. दुपारी एक ते दोन ती ताईला जेवायला पाठवून स्वतः खुर्चीत बसते. तेवढ्या तासात वाहतूक निम्म्याहून खाली येते. दुपारची वेळ, लोक जेवत असणार. मी तशी तळटीप दिली. तळटीप म्हटली की मला उत्साह येतो.

ताईचा चेहरा बदलला आहे. गालावर ऊन लागलंय. येणारे-जाणारे हात करतात. जेवताना ती आज स्वतःहून म्हणाली, “काम असलं की दिवसाला कड असते रे.” नऊ वर्षांत इतकं सलग बोलली नव्हती.

१९ फेब्रुवारी, रविवार

समोरच्या खांबावर काल सकाळपासून एक छोटा कॅमेरा बसलाय. बांधकामवाल्यांचीही मोजणी चालू आहे म्हणे, काल आणि आज. ताईनं त्याच्याकडे पाहून पदर नीट केला. सुट्टी घे म्हटलं तर ऐकेना. “गाड्यांना सुट्टी असते का?”

आजचा तक्ता: काळी १९०, तपकिरी ८१२, बारीक १,८०६, लाल ६, मोती १. एकूण २,८१५. आठवडाभर जेवढी रोज, तेवढीच आजही. म्हणजे भार कायमस्वरूपी आहे. हा मुद्दा निवेदनात ठळक घालायचा.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात वाजलं. नोंद प्रामाणिक असावी म्हणून लिहितो.

बायको वाचनालयातून लवकर सुटली होती. ती गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा रस्ता रिकामा होता. “एक कुत्रं आडवं झोपलं होतं, एवढीच काय ती वाहतूक. आणि ताई बटणं टाकत होत्या. एक. एक. एक. मी समोर उभी राहिले तर माझ्याकडे बघून हसल्या आणि आणखी एक टाकलं.”

“मागच्या राहिलेल्या गाड्यांची टाकत असेल.”

“अहो!”

“तू आत्ताच आलीस. आधी किती गेल्या ते तुला काय माहीत?”

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. “मी सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांना दाखवून आणू.”

“सुनावणी होऊ दे. मग निवांत जाऊ.”

“सुनावणीसाठी थांबायचं?”

“मोजणी मध्येच थांबली तर तक्ता अपुरा राहील.”

ती पिशवी उचलून आत गेली. बारा वर्षांपूर्वी मी एका मंत्र्याला असलंच उत्तर देताना पकडलं होतं आणि त्याची बातमी चौकटीत आली होती.

मी बातमी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय देत नाही, अशी माझी ख्याती आहे. उद्या सकाळी तासभर ताईशेजारी उभं राहावं का? पण उद्या शनिवार, पुरवणीचं काम. परवा मोजणी संपते आहे.

५ मार्च, रविवार

निवेदन पुरं झालं. अकरा पानं. सरासरी २,७९० वाहनं प्रतिदिन. ड्रिलमास्तरांनी भाषा पाहिली आणि हवालदिल झाले.

“वार्ताहरसाहेब, ‘प्रस्तुत वीथीची वहनक्षमता’ म्हणजे काय हो?”

“गल्लीत किती गाड्या मावतात.”

“मग तसंच लिहा ना. अधिकारी माणूसच आहे शेवटी.”

वीथी काढली, गल्ली घातली. संपादक माझा प्रत्येक ‘तथापि’ कापतात, इथे हे. माझं शिक्षण हळूहळू जप्त होत चाललं आहे.

मोजणी संपून आठवडा झाला. पण ताई सकाळी आठला डबा घेऊन निघतेच. खुर्ची तिथेच आहे, तीही जाऊन बसते. मी म्हटलं, “ताई, झालं आता.” ती म्हणाली, “गाड्या थांबल्या का?” या प्रश्नाला तर्कदृष्ट्या उत्तर नाही. मी तिला जाऊ दिलं.

२० मार्च, सोमवार

सुनावणीचं दालन लहान, भिंतींचा रंग ओल्या पुठ्ठ्यासारखा. समोर अधिकारी. डावीकडे बांधकामवाल्यांच्या अभियंता बाई, पस्तिशीच्या, एकट्याच, हातात पातळशी फाइल. उजवीकडे आम्ही चौदा जण. ताईला आणावं असा ड्रिलमास्तरांचा आग्रह. “साक्षीदार समोर असला की वजन पडतं.” तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि बटणांचा डबा मांडीवर धरला होता.

मी निवेदन वाचलं. माझा आवाज चांगला लागला होता, हे लिहिताना लाज वाटते.

मग अभियंता बाई उठल्या. त्या चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

“अठरा आणि एकोणीस फेब्रुवारी या दोन दिवशी आम्हीही मोजलं आणि यांनीही. आमचा कॅमेरा सांगतो सहाशे बारा आणि पाचशे चाळीस. यांचा तक्ता सांगतो दोन हजार सातशे नव्वद आणि दोन हजार आठशे पंधरा. चित्रण इथे आहे, कुणीही मोजून पाहावं.” त्यांनी पान उलटलं. “एकोणीस तारखेला यांनी शाळेच्या सहा बस नोंदवल्यात. तो रविवार होता.”

तो तक्ता मी माझ्या हातानं भरला होता.

“आणि हे हलकं मालवाहू वाहन. रोज एक, पावणेसहाला. आमच्या चित्रणात दोन्ही दिवशी ते नाही. कुठलं वाहन आहे हे?”

मी उठायच्या आत ताई बोलली. बसल्या जागेवरून, घरात बोलावं तशी.

“तुमचा कॅमेरा खांबावर आहे ना, त्यातून कसं दिसेल? ते वळले की थेट दारातच उभी करतात. हॉर्न वाजवत नाहीत. मला आवडत नाही म्हणून.”

अधिकारी पुढे झुकले. “कोण, बाई?”

“आमचे हे. बेकरीची गाडी आहे त्यांची. पांढरी. सहाच्या आत येतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग ना रे पंडित. तू तर लहानपणापासून ओळखतोस त्यांना.”

भाऊजी गेले हे इथले निम्मे लोक जाणतात; त्यातल्या चौघांनी खांदा दिला होता.

मी म्हणालो, “हो. पांढरी गाडी.”

याखेरीज मी त्या दालनात काहीही बोललो नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी काही म्हणणं आहे का. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. अभियंता बाईंनी फाइल मिटली आणि त्या ताईकडे पाहायचं टाळत खाली बसल्या.

जिना उतरताना ताईनं माझा दंड धरला. “नीट झालं ना रे? मी उगीच बोलले का?”

“छान बोललीस,” मी म्हटलं.

२१ मार्च, मंगळवार

सुनावणीची बातमी माझ्याकडेच आली. गल्ली ज्याची, बातमी त्याची. चार ओळी दिल्या. ‘रहिवाशांनी सादर केलेली आकडेवारी अविश्वसनीय असल्याचे सुनावणीत उघड झाले.’ आज संपादकांनी एकही शब्द कापला नाही.

२७ मार्च, सोमवार

रजा काढली. सकाळी आठला ताईशेजारी पायरीवर जाऊन बसलो, कागद-पेन्सिल घेऊन. ती तिची बटणं टाकत होती, मी माझ्या रेघा मारत होतो. दहा तासांत ना तिनं माझ्या कागदात डोकावलं, ना मी तिच्या डब्यात.

पाहिलं ते लिहितो. एक गाडी गेली की ताई एक बटण टाकते. मग आपण टाकलं का, असा विचार करते. तो विचार तिच्या कपाळावर स्पष्ट दिसतो, शिवण उसवली की दिसायचा तसा. मग खात्रीसाठी आणखी एक टाकते. मग पुन्हा. हे एक तासभर पाहिलं असतं तरी कळलं असतं. चौदा दिवस मी रोज संध्याकाळी डबा उपडा केला आणि एकदाही सकाळी थांबलो नाही.

पावणेसहाला तिनं मोती काढला, पदरानं पुसला, डब्यात टाकला आणि फाटकाकडे पाहून किंचित हसली. रस्ता मोकळा होता.

माझ्या रेघा: एक हजार एकशे चौतीस.

दोनदा मोजल्या. १,१३४. कामाचा दिवस. हजार पुरे होते. बांधकामवाल्यांनी शनिवार-रविवार निवडला होता, शाळा-कचेऱ्या बंद असतात म्हणून. हे मी त्या दालनात उभं राहून एका वाक्यात सांगू शकलो असतो. खरा आकडा आमच्याच बाजूचा होता. तो कुणी मोजलाच नाही.

संध्याकाळी कागद अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन आलो. कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, “मुदत संपली आहे. पण घेतो, तुम्ही आलाच आहात तर.”

३० मार्च, गुरुवार

डॉक्टर. एकदाचे.

त्यांनी ताईला कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं. तिनं हातानं असं वर्तुळ काढलं की डॉक्टर म्हणाले, “वा, कंपास लागला नाही!” “बाह्या कापल्यात तीस वर्षं,” ती म्हणाली. आकडे बरोबर, अंतर सारखं. मग काटे काढले. पावणेसहा.

“अकरा दहा,” डॉक्टरांनी हळूच आठवण केली.

“हो, तेच तर काढलंय.”

तिला बाहेर बसवून त्यांनी आम्हाला सांगितलं. याला नाव आहे, गोळ्या आहेत, उपाय नाही. वेग थोडा कमी करता येतो. लवकर आलं तर जास्त.

“दोन महिने आधी आलो असतो तर?” बायकोनं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची ही दया मला फार लागली.

“दोन महिन्यांनी काही बिघडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण एकटं सोडू नका. विशेषतः रस्त्यावर.”

६ एप्रिल, गुरुवार

निकालाचं पत्र आलं. हरकत फेटाळली. दुसऱ्या रस्त्याची आवश्यकता नाही.

संध्याकाळी ड्रिलमास्तर माझी खुर्ची डोक्यावर घेऊन आले. दारात उतरवली. ढिला हात त्यांनी खिळा मारून पक्का केला होता. आता त्यावर कोपर कसं ठेवायचं ते मलाही कळत नाही.

चहा घेतला नाही, उभेच राहिले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “माझ्या फाटकाशीच बसायच्या त्या. मला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. रस्ता रिकामा आणि बटणं पडतायत.”

“मग?”

“आकडा चांगला येत होता हो.” त्यांचा आवाज मैदानावरचा नव्हता. “समोरच्या शिंप्यानंही पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या बाईंनीही. सगळ्यांना वाटलं, आपल्या फायद्याचंच आहे, कशाला बोला.”

मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. पण फेब्रुवारीतली माझीच नोंद मला पाठ होती. रविवार, लाल सहा. मी म्हटलं, “चहा घ्या.” ते बसले आणि आम्ही दोघांनी गार चहा संपवला.

२४ एप्रिल, सोमवार

कारखाना पाडायला सुरुवात. सकाळी सातपासून डंपर. गल्लीच्या तोंडाशी दोन समोरासमोर आले की एक मागे जातो, आणि मागे जाताना शेवटी आमच्या भिंतीला खेटतो. कपाटातल्या कपबश्या दिवसभर आपापसांत बोलत असतात.

ताईला आमच्या फाटकाच्या आत खुर्चीत बसवतो. ताई दुपारी झोपते म्हणून बायकोनं वाचनालयाची वेळ दुपारी दोन ते पाच करून घेतली, मी साडेपाचच्या आत घरी येतो. संपादकांनी विचारलं, “हल्ली शाळा सुटल्यासारखे पळता?” मी म्हटलं, “गाडी गाठायची असते.”

ताईची काळी बटणं संपली. ट्रकसाठी ती आता निळी टाकते.

३ मे, बुधवार

आयुक्तांची पत्रकार परिषद लांबली. विषय: शहरातील वाहतूक नियोजन. निघालो तेव्हा पाच पस्तीस झाले होते. घरी फोन केला; बायकोची वाचनालयातली बदली बाई आली नव्हती, ती अजून तिथेच होती. म्हणजे घरी ताई एकटी.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा डंपर आडवा उभा होता. मागे गाड्यांची रांग, आणि कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. मी धावत पुढे गेलो.

ताई रस्त्यावर बसली होती. डावा हात उजव्या हातात धरलेला. सभोवार बटणं सांडलेली, लाल, निळी, तपकिरी. शिंपी ती वेचत होता, आणि कोपऱ्यावरच्या बाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. डंपरचा चालक पायरीवर बसला होता.

“साहेब, आजी हलल्याच नाहीत,” तो मला म्हणाला. “मध्ये उभ्या, हात वर करून. मला वाटलं ट्रॅफिकवाल्या आहेत. ब्रेक दाबला, गाडी घसरत आली, इथे थांबली.” त्यानं जमिनीकडे बोट दाखवलं. चाक आणि तिची चप्पल यांत माझी वीत मावली नसती. गाडीनं तिला शिवलं नव्हतं. ती दचकून पडली होती, मनगटावर.

मी खाली बसलो. “ताई, काय केलंस हे?”

ती माझ्यावर रागावली. “मग काय करू? सगळा रस्ता अडवून ठेवतात ही माणसं. त्यांना वळायला जागाच नाही ठेवत.”

आमची सगळी हरकत या एका वाक्यात होती. मी अकरा पानं लिहिली होती.

१२ मे, शुक्रवार

मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. ती ते हातमोज्यासारखं मिरवते. फाटकाला कडी बसवली, तिनं ती दुसऱ्या दिवशी एका हातानं उघडली. कुलूप लावलं. ती कुलपाकडे पाहून म्हणाली, “पंडित, हे आतून लावलंय की बाहेरून?” हाही प्रश्न तर्कदृष्ट्या अवघड आहे.

आज पाच पंचवीसला घरी आलो. खुर्चीत ती, शेजारी स्टुलावर मी. तिला डबा धरता येत नाही, म्हणून ती गाडी सांगते आणि बटण मी टाकतो. एका गाडीला एक. ती “टाकलंस?” विचारते, मी “टाकलं” म्हणतो, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवते. आमची ही मोजणी आता अचूक आहे आणि ती कुणालाही नको आहे.

पावणेसहाला ती सावरून बसली. “आले बघ.” मी मोती शोधला, शर्टाला पुसला आणि डब्यात टाकला. फाटकाबाहेरून एक डंपर धूळ उडवत गेला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

कारखान्याच्या फलकावर लिहिलंय, काम तीन वर्षं चालेल. त्यानंतर तीनशे चौऱ्याऐंशी घरांच्या गाड्या. गेले तीन महिने मी या वहीत, निवेदनात आणि पेपरात ‘वाहतुकीची चिंता’ असे शब्द लिहीत आलो. ते खरे नव्हते. वाहतूक वाढेल, खोळंबेल, आम्ही शिव्या देऊ आणि सवय करून घेऊ. मला वेगळीच भीती आहे. पावणेसहा रोज वाजणार आहेत, आणि एखाद्या दिवशी मी घरी नसेन.